माळखडकीची ट्यूबलेस

"रविवारी बारशाला पाणी कमी पडलं, तर मारोती वायरमन नाव लावणार न्हाई," असं मारोतीनं बायकोला ठणकावून सांगितलं आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला. मारोतीचं एक आहे. तो बोलला की करतो. आणि त्यानं केलेलं निस्तरता निस्तरता धुरपताबाईचा जीव मेटाकुटीला येतो.

तो उन्हाळा कसला होता ते मी सांगायला नको. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. माळखडकीला रेल्वेच नव्हती, त्यामुळं तोही प्रश्न मिटला होता. गाव नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाला, शीव ओलांडली की लातूर जिल्हा. त्यात नवा जिल्हा होणार अशी आवई उठलेली. आपण नांदेडात राहणार, लातुरात जाणार की नव्या जिल्ह्यात, यावर पारावर रोज भांडणं व्हायची. शेजारची कोंडाबाई मात्र एकच म्हणायची, "कुठं बी टाका, पण पाण्याजवळ टाका."

गावाला टँकर होता. पण ओढ्यावरचा पूल खचलेला, आणि ओढ्याच्या वाळूत जड टँकर रुतायचा, म्हणून तो फाट्यावरच थांबायचा. फाट्यापासून गावापर्यंत ज्याचं त्यानं आणायचं. मारोती आपल्या मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन बांधून आणायचा. आणि ओढ्याच्या वाटेवर बाभळी अशा माजलेल्या, की रोज एक काटा ठरलेला. कॅन भरलेले, चाक बसलेलं, आणि मारोती गाडी ढकलतोय, हे दृश्य गावाला पाठ झालं होतं.

आता वायरमनला एवढा वेळ कुठून मिळायचा, असं तुम्ही विचाराल. सोपं आहे. विहिरी आटल्या, म्हणून मोटारी बंद. मोटारी बंद, म्हणून फ्यूज उडेनात. फ्यूज उडेनात, म्हणून मारोतीला कुणी बोलवेना. मग त्यानं तालुक्याच्या मोबाईल दुकानातून मेमरी कार्डात व्हिडिओ भरून आणले. कुठली तरी पोरं बर्फाच्या डोंगरातून, दगडगोट्यांतून मोटारसायकली पळवायची, आणि त्यांच्या चाकांना बटनाचे टायर. बटनाचे म्हणजे वरून ढेकळं ठेवल्यासारखे उंच ठोकळे असलेले. आणि आत ट्यूबच नाही. काटा घुसला तरी टायर काट्याला धरून ठेवतो, हवा सोडत नाही. मारोतीनं तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला, की धुरपताबाईला त्यातलं गाणंही पाठ झालं.

बारसं होतं पंचशीलाच्या पोराचं. पंचशीला त्यांची एकुलती एक लेक, दिलेली किल्लारीला, आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. रविवारी किल्लारीचे पाहुणे येणार, बुद्धवंदना होणार आणि आत्या बाळाच्या कानात नाव सांगणार. मान आत्याचा असला तरी नाव मारोतीनं आधीच ठरवून टाकलं होतं. सागर. "नाव असं ठेवायचं, की ऐकूनच गारवा वाटला पाहिजे," तो म्हणायचा.

धुरपताबाईनं पंधरवडाभर एकेक कळशी वाचवून अंगणातली टाकी भरत आणली होती. पाहुण्यांचं पिणं, स्वयंपाक, हातपाय धुणं, सगळं त्या टाकीवर होतं. उरलेलं मारोती फाट्यावरून आणणार होता. किल्लारीच्या लोकांपुढं पाण्यावाचून मान खाली जाऊ नये, एवढंच तिला पाहिजे होतं. विहीणबाई सरजाबाई बोलायला तिखट होती आणि धुरपताबाई तिला मनातून टरकून असायची.

शनिवारी सकाळी मारोती नांदेडला गेला. देगलूर नाक्यावर गुरुलिंग नावाचा त्याचा ओळखीचा टायरवाला होता. मूळ देगलूरकडचा, गोड बोलणारा, आणि गिऱ्हाइकाला कधी नाही न म्हणणारा. त्यानं टायर काढून दाखवले. नुसत्या रेघांचे डांबरी रस्त्याचे. निम्मे रेघांचे, निम्मे ठोकळ्यांचे. आणि पार मागं टांगलेले बटनाचे.

"निम्मं-निम्मं घ्या की," गुरुलिंग म्हणाला. "डांबरावर बी चालतंय, मातीत बी चालतंय."

"आमच्याकडं डांबर कुठाय?"

"मग बटनाचंच घ्या."

"आन् ह्याच्याहून रुंद?"

"ह्याच्याहून रुंद घेतलं तर मागं साखळीला घासतंय, अण्णा."

"घासू दे. घासून घासून बसंल आपोआप."

"बसतंय की," गुरुलिंग म्हणाला. सांगितलं ना, तो नाही म्हणतच नव्हता.

खरी अडचण पुढं होती. मारोतीच्या गाडीची चाकं होती तारांची. तारांच्या रिंगला जिथं जिथं तार घुसते तिथं तिथं भोक, आणि ट्यूब नसली की हवा तिथून पळणार. बिनतारांची ओतीव मॅगव्हील असती तर प्रश्न नव्हता. पण व्हिडिओतल्या पोरानं यावरही इलाज सांगितला होता. आतून प्रत्येक तारेच्या बुडाला पेस्ट भरायची आणि वाळू द्यायची.

"बसतंय का असं?" मारोतीनं विचारलं.

"बसतंय बी म्हणतेत, न्हाई बी म्हणतेत," गुरुलिंग म्हणाला. "आपण बसतंय म्हणू."

चाकं खोलली, जुने टायर काढले, ट्यूब बाजूला टाकल्या, पेस्ट भरली. आणि टायर चढवायची मशीन सुरू करणार, तेवढ्यात लाईट गेली. बराच वेळ वाट पाहिली. दुकानातली माणसं वायरमनकडं बघायला लागली, तसा मारोती खांबाकडं पाठ करून बसला. शेवटी असं ठरलं, की गुरुलिंगला तसंही मुखेडच्या बाजूला माल टाकायचा आहे, तर चाकं खोललेली गाडी, नवे टायर आणि पेट्रोलवरचा कंप्रेसर, सगळं त्याच्या पिकअपमध्ये घालायचं. पेस्ट वाटेत वाळेल. टायर माळखडकीत घरापुढंच बसवायचे. तसा मारोतीनं घरी फोन लावला.

इथं एक गोष्ट सांगायची राहिली. फार पूर्वी सरकारनं माळखडकीच्या शाळेजवळ एक बोअर पाडला होता. जुनी माणसं त्याला 'टूबेल' म्हणायची. तो कधीच आटला, हापसा गंजून गेला, पण शब्द तेवढा गावात जिवंत राहिला होता. आणि गावात मोबाईलला रेंज मिळायची ती नेमकी त्या मेलेल्या टूबेलच्या चौथऱ्यावर. म्हणून दुपारी पाच-सहा बाया तिथं फोन घेऊन बसलेल्या असायच्या. धुरपताबाईही तिथंच होती, कोंडाबाई तिला चिकटून होती, आणि फोनचा आवाज मोठा करून ठेवलेला होता.

"धुरपता, ऐक. ट्यूबले... बसवून राहिलो," मारोती ओरडला. मधलं काहीतरी रेंजनं खाल्लं.

"काय? टूबेल?"

"हाव, तेच."

धुरपताबाई चौथऱ्यावरून पडता पडता राहिली. "कुठं बसवून राहिले?"

"कुठं म्हणजे? आपल्या दारात. इथं लाईट गेली, मशीन बंद पडली. गाडीत घालून सगळं घेऊन येतो संध्याकाळपर्यंत."

"आवो, पण मंजुरी?"

"मंजुरी कुणाची लागती? माझ्या मनानं करून राहिलो."

"एकच हाय का?"

"एक बसवून कसं भागंल? दोन. एक पुढं, एक मागं."

धुरपताबाईच्या डोळ्यांपुढं घराचा पुढचा भाग आला, मग मागचा. मागं न्हाणी होती. न्हाणीजवळ असली तर किती सोय होईल, असं तिच्या मनात येऊन गेलं. तोवर कोंडाबाईनं तिला कोपर मारलं. "खोल किती, इचार."

"खोल किती हाय वो?"

बायकोला टायरच्या नक्षीची खोली विचारावीशी वाटली, याचं मारोतीला फार कौतुक वाटलं. तो भरून येऊन म्हणाला, "लई खोल. एवढं खोल म्या आजवर बघितलं न्हाई, धुरपता."

"आन् पाणी?"

"पाण्याची फिकीर सोड तू आता. पाण्याला तोटा न्हाई आपल्याला. दोन-चार माणसं सांगून ठेव, धरायला लागतेत. कंप्रेसर बी आणून राहिलो."

कंप्रेसर! बाकीचं सगळं एखादवेळी कुणी खोटं मानलं असतं. पण कंप्रेसर म्हणजे बोअर पाडायची गाडी, याशिवाय माळखडकीनं त्या शब्दाचा दुसरा अर्थ कधी ऐकलेला नव्हता. फोन कट झाला. बाया उठल्या आणि ज्या वाटेनं ज्या गेल्या त्या वाटेनं बातमी गेली. पारावर पोचेपर्यंत दोन टूबेलच्या तीन झाल्या होत्या आणि एकीला पाणी लागूनही झालं होतं.

धुरपताबाई घरी आली आणि तिनं आधी टाकीकडं पाहिलं. एवढे दिवस ती त्या टाकीकडं भाकरीच्या टोपल्याकडं बघावं तशी बघायची, आज निराळीच नजर झाली. तिनं अंगण सारवायला घेतलं. पंचशीला म्हणाली, "आये, पाणी." तर आई म्हणाली, "राहू दे ग. उद्यापसून दारात टूबेल हाय." मग बाळंतिणीच्या डोक्यावरून पाणी घातलं, बाळाला भरपूर पाण्यानं न्हाऊ घातलं, दोन गोधड्या धुतल्या. कोंडाबाई कळशी घेऊन आली, तिला भरून दिली. ती रिकामी करून परत आली, परत भरून दिली. मग गल्लीतली जी आली तिला दिलं. आजवर दुसऱ्याच्या दारात घागर घेऊन उभं राहणाऱ्या बाईला स्वतःच्या दारात लोकांना पाणी देताना जे वाटतं, ते तिला त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं, आणि तिचा हात थांबेना.

टाकी तळाला गेली तेव्हा ती पुन्हा चौथऱ्यावर गेली आणि थेट किल्लारीला फोन लावला. "इहीणबाई, उद्या सगळेच्या सगळे या. लेकरं बी आणा. धुणं-बिणं असलं तर बांधून आणा. आमच्या दारात टूबेल होऊन राहिली."

पलीकडं सरजाबाईनं घरात कुणाला तरी काहीतरी विचारलं. मग म्हणाली, "गोधड्या बी आणल्या तर चालतेत का?"

"हे काय इचारणं झालं?"

संध्याकाळी उन्हं उतरताना पिकअप ओढ्यातून वर आली. मारोती पुढं गुरुलिंगशेजारी बसला होता. वळण घेतल्यावर त्याला आपल्या दारात माणसंच माणसं दिसली. घागरी, हंडे, कॅन, डबे, बादल्या, सगळं ओळीनं मांडलेलं. घरात काही बरंवाईट झालं की काय? पण माणसं हसत होती. कुणीतरी ताशाही आणला होता.

"तुमच्या गावात टायरची एवढी आवड हाय?" गुरुलिंगनं विचारलं.

"असायचीच," मारोती म्हणाला, आणि मिशीवरून हात फिरवून खाली उतरला.

सरपंच अण्णाराव पुढं आला. डोक्याला फेटा, हातात नारळ. कालपर्यंत तो 'मारोत्या' म्हणायचा. आज त्यानं दोन्ही हातांनी मारोतीचा हात धरला. "मारोतराव, गावाची शान वाढवली तुमी. नव्या जिल्ह्याची पहिली सुरुवात आपल्या गावापसून झाली म्हणायची." मग लोकांकडं वळून तो म्हणाला, "ह्याच्यासाठी म्या स्वतः वरपर्यंत शब्द टाकला होता."

टायरसाठी सरपंचानं वर शब्द कशाला टाकला असेल, हे मारोतीला कळेना. पण सत्कार चालू असताना असले प्रश्न विचारायचे नसतात. अण्णारावनं पिकअपच्या पुढच्या चाकापाशी नारळ फोडला. नारळातलं पाणी वाया जाऊ नये म्हणून कोंडाबाईनं खाली तांब्या धरला होता.

"कुठं बसवायची? जागा दाखवा," गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"जागा ठरलेली हाय. पुढं आन् मागं," मारोतीनं सांगितलं. टाळ्या पडल्या.

"किती येळ लागंल?"

"कंप्रेसर लावला की धडाम करून बसतंय. लई तर अर्धा तास." पुन्हा टाळ्या पडल्या आणि घागरी पुढं सरकल्या.

मग गुरुलिंगनं ताडपत्री ओढली. आत चाकं नसलेली मोटारसायकल आडवी पडलेली होती. शेजारी नाक्यावर पंक्चरवाल्यापाशी असतो तसला बारका कंप्रेसर होता. गुरुलिंगनं दोन्ही हातांत दोन टायर धरून उंच केले.

पुढं सरकणाऱ्या घागरी जागच्या जागी थांबल्या.

"पाइप कुठाय?" कोंडाबाईनं विचारलं.

"पाइप कशाला? हेच तर ह्याचं भारी हाय, वैनी. आत काहीच न्हाई. नुसती हवा."

"आन् पाणी?"

"छ्या. पाणी ह्याच्या आत बिलकुल गेलं न्हाई पाहिजे."

अण्णाराव हळूच पुढं आला. "मारोत्या," तो म्हणाला, "हे काय हाय रे?"

"ट्यूबलेस. बिगर ट्यूबचं टायर. दुपारीच सांगितलं की म्या फोनवर."

पुढचं सगळं वर्णन करत नाही. ताशावाला आधी गेला. मग एकेक घागर उचलली जाऊ लागली. रिकाम्या घागरीचा आवाज भरल्या घागरीपेक्षा मोठा असतो, आणि तो मारोतीनं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकला. अण्णाराव जाताना एवढंच म्हणाला, "नवा जिल्हा झाल्यावर बघू." फोडलेल्या नारळाची एक वाटी मात्र तो आठवणीनं घेऊन गेला.

धुरपताबाई टाकीवर टेकायला गेली आणि टाकी पोकळ वाजली. तो आवाज ऐकून मारोतीला पहिल्यांदा कळलं की अंगण ओलं का आहे.

"सगळं?" त्यानं विचारलं.

"सगळं," ती म्हणाली. "मला काय म्हाईत तुमी चाकाचं बोलून राहिले? उद्या सकाळी इहीण येणार, लेकरंबाळं येणार. आन् म्या त्यास्नी धुणं आणायला सांगितलं."

"धुणं?"

"गोधड्या बी."

मारोतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोला त्यानं आयुष्यात पुष्कळ वेळा रागावलेलं पाहिलं होतं, पण अशी घाबरलेली कधी पाहिली नव्हती. तो तिच्याशेजारी उकिडवा बसला. "फिकीर करू नको. आत्ता टायर बसवतो. पहाटं फाट्यावर पयला नंबर माझा. पाव्हणे यायच्या आत टाकी भरतो."

"बसतंय का नक्की?" तिनं गुरुलिंगला विचारलं.

"बसतंय की, अक्का," गुरुलिंग म्हणाला.

आणि बसलं. कंप्रेसर गुरगुरला, टायर फुगला, कडा रिंगला जाऊन भिडल्या आणि धडाम असा आवाज झाला. पंचशीलाचं बाळ दचकून रडायला लागलं. मारोतीनं विजयानं इकडं तिकडं पाहिलं, पण बघायला आता कोंडाबाई तेवढी उरली होती. पुढचं चाक असं बसलं, मग मागचं बसलं. आणि मग मागच्या चाकातून बारीक आवाज यायला लागला. सुं... असा.

"तारेतून जाऊन राहिली हवा," गुरुलिंग म्हणाला. "कुठल्या तारेतून ते बघाय पाहिजे. चाक पाण्यात बुडवलं की बुडबुडे येतेत. एक टब पाणी आणा, अक्का."

धुरपताबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं, की तो दोन पावलं मागं सरला.

मग चाकाला कान लावणं सुरू झालं. मारोतीनं लावला. गुरुलिंगनं लावला. कोंडाबाई म्हणाली, "मला ऐकू बरं येतंय," आणि तिनंही लावला. प्रत्येकाला आवाज निराळ्या तारेतून येत होता. गुरुलिंगनं बोटाला थुंकी लावून पाहिली, पण त्या उन्हाळ्यात माणसाच्या तोंडात थुंकी तरी किती असणार? शेवटी बाळ रडायचं थांबेना म्हणून पंचशीला त्याला घेऊन बाहेर आली आणि आजोबांच्या मांडीवर दिलं. मारोती चाकापुढंच बसला होता. बाळानं आजोबांकडं पाहिलं, रडू थांबवलं, आणि दुपारी प्यालेलं सगळं पाणी सरळ चाकावर सोडलं.

"आता!" गुरुलिंग ओरडला. "हे बघा बुडबुडा!"

खरंच एका तारेच्या बुडाशी फेस फुगत होता. मारोतीनं नातवाचा मुका घेतला. "बघितलं? सागर नाव उगीच ठेवून न्हाई राहिलो." गुरुलिंगनं तिथं पेस्ट दाबली आणि सकाळपर्यंत धक्का लावू नका म्हणून सांगितलं. मग कंप्रेसर घेऊन तो मुखेडला माल टाकायला निघून गेला. पंचशीला हसत होती. धुरपताबाई हसली नाही.

रविवारी उजाडताना मारोती फाट्यावर होता. पहिला नंबर खरंच त्याचा लागला. सगळे कॅन तोंडापर्यंत भरले, गाडीला बांधले आणि तो निघाला. ओढ्याच्या वाटेवर बाभळीचे काटे पसरलेले होते. बटनाचे टायर त्यांना चिरडत निघाले, एक काटा आत जाईल तर शपथ. मारोती गाणं म्हणायला लागला, तेच व्हिडिओतलं.

ओढ्याच्या मध्यावर मागचं चाक डोलायला लागलं. काट्यानं नाही, तारेनं दगा दिला. एका तारेनं नाही, बहुतेक सगळ्यांनी मिळून. पेस्ट निघाली, हवा निघाली, आणि रुंद टायर घासत घासत साखळीत अडकला. गाडी आडवी झाली. कॅनची झाकणं उडाली, आणि सगळं पाणी वाळूत गेलं. वाळू इतकी तहानलेली होती, की मारोती उठून उभा राहीपर्यंत तिथं ओलसर डागच तेवढा उरला. तो त्या डागाकडं बघत बसला. ढोपर फुटलं होतं, पण त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. टाकीवर बसलेली धुरपता तेवढी दिसत होती.

पाठीमागून हॉर्न वाजला. जीप होती. जीपमध्ये माणसं, टपावर गाठोडी आणि गाठोड्यांवर आणखी गाठोडी. पुढच्या सीटवर सरजाबाई बसली होती.

"जयभीम, इवाई," ती म्हणाली. "आमच्या स्वागताला इतक्या लांब आलात?"

आता मारोतीला खोटं बोलता आलं असतं. पण टपावर गोधड्या दिसत होत्या. त्यानं सगळं सांगितलं. ट्यूबलेस, टूबेल, नारळ, टाकी, बुडबुडा आणि वाळू. "चूक माझी हाय, इहीणबाई. तिला काही बोलू नका. ती रात्रभर झोपली न्हाई."

सरजाबाईनं आपल्या पदरानं तोंड झाकलं. ती रडते आहे की हसते आहे ते मारोतीला कळेना. "बसा जीपमंदी," ती म्हणाली. "गाडीला मागं दोरी बांधा."

गल्लीच्या तोंडाशी मारोतीनं पुन्हा तीच ओळ पाहिली. घागरी, हंडे, कळशा, दारापुढं मांडलेल्या. "अजून टूबेलची वाट बघून राहिलेत काय हे?" तो पुटपुटला. पण जीप जवळ गेली तेव्हा दिसलं की घागरी भरलेल्या आहेत.

कोंडाबाई दारातच उभी होती. "काल तूच दिलतंस की," ती धुरपताबाईला म्हणत होती. "दोन कळशा नेल्या होत्या म्या. दीड परत आणली. अर्धी पिऊन टाकली, ती माफ कर." बाकीच्या बायाही तेच म्हणत होत्या. कुणाची घागर होती, कुणाचा तांब्या होता. ज्यांना काल काही मिळालं नव्हतं त्यांनीही थोडं थोडं आणलं होतं, का ते त्यांनाच ठाऊक. धुरपताबाई नुसती एकेक घागर टाकीत ओतत होती आणि पदराला डोळे पुसत होती. तिला बघून मारोतीनं जीपच्या आड जाऊन आपलेही डोळे पुसले.

बारसं झालं. पाहुण्यांना पाणी पुरलं, पोटभर जेवण झालं. गोधड्या तशाच टपावर राहिल्या, त्यांचा विषय कुणी काढला नाही. त्रिशरण-पंचशील झालं, बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या फोटोला हार घातला, आणि आत्या बाळाला मांडीवर घेऊन बसली.

"काय नाव सांगू कानात?" तिनं विचारलं.

मारोती पुढं सरसावला. आदल्या दिवसापासून त्याचा हा एकच डाव शाबूत होता. "सागर," तो म्हणाला.

"थांबा, इवाई," सरजाबाई म्हणाली. आता काय ऐकावं लागणार म्हणून धुरपताबाई पंचशीलाकडं बघायला लागली. सरजाबाईचा आवाज मात्र अगदी मऊ होता. "तुमी नांदेडहून पाणी आणतो म्हणलात, आन् हवा आणली. लेकराचं नाव पवन ठेवू."

आधी पंचशीला हसली. मग कोंडाबाई. मग धुरपताबाई अशी हसली, की तिला धरून बसवावं लागलं. आत्यानं तेवढ्यात बाळाच्या कानात पवन सांगून टाकलं, आणि एकदा कानात गेलेलं नाव काही बाहेर काढता येत नाही.

दुपारी पाहुणे जरा आडवे झाले. मारोती हळूच मागच्या अंगणात गेला. जुन्या ट्यूब त्यानं नांदेडहून येताना टाकून दिल्या नव्हत्या, एवढी अक्कल त्याला होती. त्यातली मागच्या चाकाची, ठिगळांनी भरलेली ट्यूब त्यानं झटकली, नव्याकोऱ्या बिगर ट्यूबच्या टायरात घातली, आणि हातपंप मारायला सुरुवात केली.

भिंतीवरून कोंडाबाईनं डोकं काढलं. "काय बसवून राहिलास रे, मारोती?"

मारोतीनं तोंड उघडलं. मग त्याला तिच्या हातातली रिकामी कळशी दिसली, आणि तोंडापर्यंत आलेला शब्द त्यानं गिळला.

"काही न्हाई, वैनी," तो म्हणाला. "हवा भरून राहिलो."